पुसून ठेवलेली गाडी

सुनेने गाडी मागितली तेव्हा सासरे कपबशा विसळत होते. त्यांनी नळ बंद केला, हातातला कप फडक्याने बाहेरून पुसला, आतून पुसला आणि विचारलं, "कुठली?"

घरात गाडी एकच होती.

अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती राखाडी कापडाखाली उभी असे. परदेशी बनावटीची, उंच, काळी. चामड्याची सीट, दारांना आतून लाकडी पट्ट्या, छतात सरकणारी काच. वय चौदा वर्षं आणि मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. पहिला मालक कारखानदार होता. त्याच्याकडे अशा आणखी गाड्या होत्या, त्यामुळे हिच्यात तो फारसा बसलाच नाही. निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी ती घेतली आणि रस्त्याशी तिचा जो काही थोडा संबंध उरला होता तोही जवळजवळ संपला.

देखभाल मात्र चोख होती. रविवारी कापड काढायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या. नळी लावायची नाही, पाणी कुठे शिरेल सांगता येत नाही. इंजिन सुरू करून पेपर वाचून होईपर्यंत तसंच चालू ठेवायचं. गाडी चालो न चालो, ऑइल दरवर्षी बदलायचं. आभाळ स्वच्छ असेल तर पेट्रोल पंपापर्यंत एक फेरी. ढग दिसला तर तीही रद्द. सीटवर त्यांनी जाड प्लास्टिकची कव्हरं शिवून घेतली होती. उन्हाळ्यात त्यावर बसणारा माणूस उठताना कागद फाडल्यासारखा आवाज यायचा.

सासूबाई गाडीला सवत म्हणत. "हिच्या निम्मं तेल माझ्या गुडघ्यांना मिळालं असतं तर मी आज डोंगर चढले असते," हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.  सासरे धान्याच्या मोठ्या कोठाराचे प्रमुख होते. उंदीर, मुंग्या, सोंडे यांच्याशी लढण्यात त्यांची नोकरी गेली होती आणि त्या लढाईतून ते एकच गोष्ट शिकले होते: भोक दिसलं की बुजवायचं. कोठारातले हमाल पाठीमागे त्यांना बूचसाहेब म्हणत. घरातही भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक नळाभोवती, वायरीभोवती त्यांनी लांबी, म्हणजे फटी बुजवायचा तो लगदा, भरली होती. "माझ्या नाकपुड्या तेवढ्या सुटल्या," असं सासूबाई म्हणत.

सुनेला गाडी हवी होती ती कामासाठी. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत ती डोळे तपासायची. दुकानदाराने ती खोली बंद करून तिथे गॉगलची काचेची कपाटं लावली आणि तिला काउंटरवर उभं राहायला सांगितलं. तिने नकार दिला. त्याच सुमारास डोळ्यांच्या रुग्णालयाला डोंगरावरच्या पाच केंद्रांसाठी तपासनीस हवा होता. आज इथे, उद्या तिथे, नंबर काढायचं यंत्र बरोबर घेऊन फिरायचं काम. अट एकच, पण ती कडक होती. वाहन स्वतःचं हवं, आणि असं हवं की वरच्या खडबडीत रस्त्यावर यंत्राला धक्का लागता कामा नये. आधीच्या माणसाच्या जीपमध्ये यंत्र हादरून बिघडलं होतं. एका शाळेतल्या मुलांना चुकीच्या नंबरचे चष्मे गेले आणि पोरं डोकं धरून बसली. ते लक्षात येईपर्यंत बरेच दिवस गेले. तेव्हापासून रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरबाई प्रत्येक वाहनाची परीक्षा स्वतः घेत. यावेळी या कामासाठी दोघांचे अर्ज होते. दुसऱ्याकडे पुन्हा जीपच होती, पण नवी.

सासऱ्यांच्या गाडीची चाकं स्प्रिंगवर नव्हे, हवेच्या फुग्यांवर तोललेली होती. खड्डा आला की आत बसलेल्याला तो कळायचाही उशिरा. सुनेला हे ठाऊक होतं, कारण लग्नानंतर एकदा तिला त्या गाडीतून पेट्रोल पंपापर्यंत नेण्यात आलं होतं. नवरा बंदरावर कामाला होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. तिने फोनवर बेत सांगितला तेव्हा तो म्हणाला, "बाबांची गाडी? त्यापेक्षा त्यांची किडनी माग. पटकन देतील."

 सासरे कप ठेवून शेडमध्ये गेले आणि गाडीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने परतले ते अटी घेऊन. पायपुसणं ठेवायचं. कच्च्या रस्त्यावर काच उघडायची नाही. गाडीत खायचं नाही. झाडाखाली उभी करायची नाही, पक्षी घाण करतात. सुनेने सगळ्याला हो म्हटलं. परीक्षा येत्या सोमवारी होती आणि वाद घालण्यात एकही दिवस घालवायची तिची तयारी नव्हती.

गावाबाहेर अशा गाड्यांचं काम करणारा एक मेस्त्री होता. माणूस हुशार, पण प्रत्येक गाडीकडे तो शोकसभेला आल्यासारखा बघायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरपाशी बसला.

"हे बदलावे लागतील."

सासऱ्यांना ते पटेना. नक्षी तर कोरी दिसत होती, टायर जेमतेम वापरलेले. मेस्त्रीने टायरची बाजू अंगठ्याने दाबली. रबरावर बारीक भेगांचं जाळं उमटलं. टायर चालल्यामुळे झिजतात तसे उभे राहिल्यामुळे सुकतात, असं त्याने सांगितलं. मग एकेक बाहेर निघू लागलं. इंजिनचा पट्टा कडक झालेला, ब्रेकचं तेल जुनं, चाकांमागचे रबरी बुश तडकलेले. झिजलेलं काहीच नव्हतं. जे गेलं होतं ते बसून गेलं होतं. सासरे प्रत्येक सुटा भाग हातात घेऊन बघत होते. "इतकी वर्षं एक ओरखडा येऊ दिला नाही मी," ते म्हणाले. मेस्त्री म्हणाला, "तेच ना, साहेब."

सगळं बदलून झाल्यावर बुधवारी सून आणि सासरे चाचणीसाठी घाट चढून आले. वरच्या वळणांवर पाऊस लागला. सासऱ्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले आणि वायपर फिरले तसे ते एखादा अपघात बघावा तसे बघत राहिले. त्यांच्याकडे आल्यापासून गाडीचे वायपर कधी ओले झाले नव्हते. पण गाडी चांगली चालली. दगडांच्या रस्त्यावरही ती डुलत, शांतपणे निघाली, आणि उतरताना सासऱ्यांनी आपण होऊन विचारलं, "दमलीस का? नाही, मी काही चालवायला मागत नाहीये. नुसतं विचारतोय."

घरी येईतो, परीक्षेआधी हात बसावा म्हणून, रुग्णालयाने यंत्राची पेटी पाठवली होती. ती ठेवायला कुलूपबंद कोरडी जागा एकच होती: शेड. तिथे जेमतेम गाडीच मावायची, म्हणून गाडी अंगणात राहिली, आणि पाऊस थांबला नाही.

गुरुवारी सकाळी गाडी मागच्या बाजूने जमिनीला टेकली होती. किल्ली फिरवल्यावर मीटरभोवतीचे धोक्याचे सगळे दिवे एकदम लागले आणि गिअरचा दांडा जागचा हलेना. आत कुबट वास होता. सुनेने पायाखालचा गालिचा दाबला, तर चपलेभोवती पाणी वर आलं. छताच्या कापडावर, कोपऱ्याकोपऱ्यात तपकिरी डाग पसरले होते.

मेस्त्री आला. त्याने चालकाची सीट काढली, गालिचा उचलला आणि खाली पाण्यात बसलेला काळा डबा दाखवला. गाडीचा निम्मा मेंदू यात असतो, तो म्हणाला. पाणी बहुतेक पुढच्या काचेच्या कडेने आलं असावं. काच काढावी लागेल, नवं रबर बसवावं लागेल, डबा परदेशातून मागवावा लागेल. सोमवारचं नाव सोडा. त्याचं प्रामाणिक मत विचाराल तर गाडी सुट्या भागांसाठी विकून टाकावी. भाग मात्र नव्यासारखे आहेत, एवढं त्याने कौतुकाने सांगितलं आणि तो गॅरेजकडे निघून गेला.

 सासरे शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले. सासूबाईंनी दोनदा चहा नेऊन दिला आणि दोनदा गार झालेला परत आणला. सवत हा शब्द त्यांनी दिवसभर उच्चारला नाही.

दुपारी सुनेने फोन हातात घेतला. रुग्णालयाला कळवणं भाग होतं. ऐनवेळी तोंडघशी पडण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, निदान पुढच्या खेपेला दार उघडं राहील. काउंटरवरची जागा अजून आहे का, हेही तिला दुकानदाराला विचारावं लागणार होतं. तो विचार आला तसा तिने फोन ओट्यावर ठेवला, पाणी प्यायली आणि पुन्हा उचलला. तेवढ्यात सासरे दारात येऊन उभे राहिले.

"फोन ठेव."

"बाबा, त्यांना सांगायला हवं. त्यांचा खोळंबा कशाला?"

"काच काढायची गरज नाही. पाणी काचेच्या कडेने आलेलं नाही." ते तिच्याकडे न बघता ओट्याकडे बघत बोलत होते. "छतातून आलंय. मी आणलंय ते."

मग त्यांनी सांगितलं. छतातली सरकती काच पाणी पूर्ण अडवत नाही, तशी ती बनवलेलीच नसते. कडेने झिरपलेलं पाणी काचेभोवतीच्या पन्हळीत पडतं आणि पन्हळीच्या चार कोपऱ्यांतल्या चार भोकांतून, नळ्यांमधून, चाकांपाशी खाली निघून जातं. हे त्यांना आता ठाऊक होतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी आज जेवणानंतर पहिल्यांदा नीट वाचलं होतं. गाडी घेतली त्या आठवड्यात त्यातल्या एका भोकातून मुंग्यांची रांग निघाली होती. त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. चारही भोकांत लांबी भरली, वर काळी पट्टी चिकटवली, इतकी सफाईने की ती कंपनीचीच वाटावी. त्यानंतर बुधवारपर्यंत गाडी कधी पावसात गेली नाही आणि भोकांची कधी कुणाला गरज पडली नाही.

"कोपऱ्यांतले डाग बघितले तेव्हाच मला समजलं होतं," ते म्हणाले. "मेस्त्री काच काच करत होता आणि मी मूग गिळून उभा. गाडी विकली गेली असती, तू पुन्हा त्या दुकानात उभी राहिली असतीस, आणि कुणाला काही कळलं नसतं."

 सुनेला राग आला होता आणि तो दडवण्याचं तिला काही कारण दिसलं नाही. पण तिने फोन ठेवला.

बोलल्या त्या सासूबाई. त्यांनी विणकामाच्या टोपलीतून लांब सुई काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "या घरातलं काय काय बुजवलंत, मी एका शब्दाने बोलले नाही. आता जरा उघडायला शिका."

सासऱ्यांनी मेस्त्रीला स्वतः फोन केला. तो आला, शिडीवर चढला, काळी पट्टी नखाने खरवडली आणि खो खो हसला. त्यालाही ती कंपनीचीच वाटली होती. "उगाच काच काढून बसलो असतो की मी," असं तो दोनदा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची शोकसभा पहिल्यांदाच उठली.

लांबी दगड झाली होती. गरम पाणी सोडायचं, सुईने टोकरायचं, पुन्हा पाणी सोडायचं. शिडीवर सासरेच होते, दुसऱ्या कुणाला त्यांनी चढू दिलं नाही. आतल्या नळीसाठी मेस्त्रीने गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी आणली, कारण तार घातली तर नळी फाटते. शेवटी सासऱ्यांनी तांब्याभर पाणी घेतलं, क्षणभर थांबले आणि आपल्या हाताने गाडीच्या छतात ओतलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पुढच्या चाकामागून मातकट पाण्याची करंगळीएवढी धार लागली. सासरे उकिडवे बसून ती संपेपर्यंत बघत राहिले. उरलेली तिन्ही तोंडं त्यांनी अंधार पडायच्या आत मोकळी केली.

शुक्रवारी ऊन पडलं. गालिचे कुंपणावर, सीट अंगणात. प्लास्टिकच्या कव्हरांखाली ओल धरली होती आणि चामड्यावर पांढुरकी बुरशी उठली होती. कव्हरं कापायचा मान सासूबाईंनी घेतला. त्या शिवणाची मोठी कात्री घेऊन बसल्या आणि शांतपणे, सरळ रेषेत कापत गेल्या. त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते बघून सुनेचा उरलेला राग ओसरला. खालचं चामडं सायीसारखं मऊ होतं. इतकी वर्षं घरातल्या कुणाचाही हात त्याला लागला नव्हता.

मेस्त्रीने काळा डबा उघडला. हिरव्या पडलेल्या पिना औषधाने धुतल्या, ब्रशने घासल्या, केस वाळवायच्या यंत्राने वाळवल्या आणि डबा तांदळाच्या पिंपात ठेवायची सासूबाईंची सूचना नाकारली. खात्री देणार नाही, एवढंच तो म्हणाला. सुनेने रुग्णालयाला काहीच कळवलं नाही. सोमवार जवळ येत होता आणि गाडीचा मेंदू जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर पडून होता.

रविवारी दुपारी डबा जोडला. सगळे दिवे लागले. मग एकेक विझू लागला. एक पिवळा तसाच राहिला, तो मेस्त्रीने बराच खटाटोप करून घालवला. गाडीच्या पोटातून बारीक घरघर आली आणि मागची बाजू हळूहळू वर उचलली गेली.

"उठली बाई," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी डॉक्टरबाई ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. कमी बोलणाऱ्या, पण सगळं बघणाऱ्या. रुग्णालयाच्या पायरीशी यंत्र उघडून त्यांनी परीक्षेचा डोळा बसवला. हा प्लास्टिकचा डोळा यंत्राबरोबरच येतो आणि त्याचा नंबर ठरलेला असतो: उणे पाच. यंत्राने उणे पाच दाखवलं. वर जाऊन तेवढंच दाखवलं तर गाडी पास. पेटी मागे पट्ट्यांनी बांधली, रुग्णालयाचा एक माणूस तिच्याशेजारी बसला आणि डॉक्टरबाई पुढे. सासऱ्यांना जागा उरली नाही. ते फाटकापर्यंत आले होते. सुनेला वाटलं, ते अटींची आठवण करून देतील. ते म्हणाले, "रस्त्याकडे बघ. गाडीकडे मी बघितलंय."

अर्ध्या घाटात पाऊस आला. डॉक्टरबाईंनी मान वर करून छतावरचे डाग न्याहाळले.

"हे काय?"

सुनेने सांगून टाकलं. पाणी जायची भोकं बुजली होती, ती गुरुवारी उघडली.

"कुणी बुजवली होती?"

"सासऱ्यांनी. उघडलीही त्यांनीच."

 डॉक्टरबाईंनी छताच्या कापडाला बोट लावून बघितलं. ते कोरडं होतं.

शेवटचा टप्पा दगडांचा होता. एका वळणावर वाकलेल्या फांदीने डाव्या दाराला पुढपासून मागपर्यंत चांगलंच ओरबाडलं. सुनेने आवाज ऐकला, पण वेग बदलला नाही. तिथे थांबलं असतं तर चाक रुतलं असतं.

केंद्राच्या खोलीत यंत्र टेबलावर चढलं. प्लास्टिकचा डोळा बसला. आकडा आला: उणे साडेपाच.

 रुग्णालयाचा माणूस उगाच पट्ट्या गुंडाळू लागला. सुनेने आकड्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. तिने तळहात टेबलाच्या कडेवर ठेवून दाबला. टेबल डुगडुगलं. फरशी उंचसखल होती.

"मॅडम, एकदा पुन्हा घेऊ?"

तिने पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली, यंत्र नव्याने जुळवलं, डोळा काढून पुन्हा बसवला. उणे पाच. डॉक्टरबाईंनी स्वतः घेतलं: उणे पाच. तिसऱ्यांदाही तेच.

"टेबलाचं आधीच्या माणसाच्या कधी लक्षात आलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "जीपवाल्याला मी कळवते. गुरुवारपासून जमेल?"

बाहेर पडवीत चारपाच माणसं येऊन बसलीच होती. गाडी वर आलेली त्यांनी पाहिली होती. आज तपासणी नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुनेनेही सांगितलं नाही. तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि पहिली बाई आत आली.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. गाडी काचांपर्यंत चिखलाने माखली होती. सासरे अंगणात उभे होते. सुनेने उतरायच्या आधीच सांगितलं, काम मिळालं, गुरुवारपासून. आत भांडं खाली पडल्याचा आवाज आला आणि सासूबाई बाहेर धावत आल्या, गुडघ्यांसकट.

सासऱ्यांनी गाडीभोवती फेरी मारली. डाव्या दारापाशी ते थांबले. चिखलाखालून ओरखडा लांबलचक दिसत होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"पुसलं तर जाईल?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. खोल आहे."

 "मग असू दे," ते म्हणाले.

सुनेने किल्ली पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुझ्याकडेच ठेव. गुरुवारी पहाटे निघणार तू, मला कशाला उठवतेस?" मग त्यांनी विचारलं, "वर चढताना कशी वागली, ते मात्र सांग. शेवटच्या चढावर दम लागला का तिला?"

"नाही लागला."

"मला वाटलंच होतं," सासरे म्हणाले, आणि नळाला नळी जोडायला गेले.